उगवतीचा कोनाडा

माझ्या मायच्या बोलण्यात डावं-उजवं जवळजवळ येतच नाही. मागच्या दिवाळीत लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी पुण्यात वाढलेला तिचा नातू तिखटाचा डबा शोधत होता. माय चुलीपुढून म्हणाली, "उगवतीच्या कोनाड्यात हाय बघ." पोरगं गोंधळलं. "आज्जी, डावीकडे का उजवीकडे?" त्यावर ती म्हणाली, "आरं, तू कुणीकडं तोंड करून हुबा हायस ते मला काय ठावं?"

भाषा आणि विचार यांच्यावर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे, पण यातला मूळ मुद्दा इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. डावं-उजवं माणसाच्या अंगाला चिकटलेलं असतं. माणूस वळला की तेही वळतं. उगवत-मावळत जमिनीला चिकटलेली असते. माय पाठमोरी असो की अंधारात, घराचा आणि शिवाराचा नकाशा तिच्या डोक्यात कायम उलगडलेला असतो. तसं नसेल तर तिला साधा डबासुद्धा कुठं आहे ते सांगता येणार नाही. खरेदीखतातही जमीन अशीच सांगतात. चतुःसीमेत पूर्वेस कुणाचं शेत, पश्चिमेस कुणाचं, दक्षिणेस नाला, उत्तरेस पाणंद. बांधाच्या डावीकडे असं लिहिलं तर त्या कागदाला काही अर्थ उरणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात, उत्तरेकडे, गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. ‘कांगारू’ हा शब्द जगाला याच भाषेनं दिला. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लोकांनी तो तिथं ऐकून टिपला. या भाषेत जागा सांगायला डावं-उजवं वापरतच नाहीत. पायाजवळ मुंगी असेल तर ती पायाच्या उत्तरेला असते. अशा भाषा बोलणाऱ्यांवर अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला. टेबलावर तीन खेळणी ओळीनं मांडायची, ती नीट बघून घ्यायला सांगायचं, मग माणसाला पाठीमागं वळवून दुसऱ्या टेबलावर ‘तश्शीच’ मांडायला लावायची. डावं-उजवं वापरणारा माणूस डावीकडचं खेळणं डावीकडेच ठेवतो. दिशा वापरणारा उत्तरेचं उत्तरेलाच ठेवतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना ती ओळ उलटी दिसते. या कामात तोंडानं काहीच बोलायचं नसतं. तरी बोलण्याची सवय हातांत उतरलेली दिसते.

याच प्रकारचा अभ्यास तमिळनाडूतही झाला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. तिथं खेड्यातले तमिळ लोक दिशा वापरून बोलतात आणि शहरातले तमिळ लोक डावं-उजवं वापरून. खेळण्यांची मांडणीही दोघांनी आपापल्या बोलण्यासारखीच केली. भाषा एकच, व्याकरण एकच, सवयी दोन. म्हणून हे भाषेचं काम की शिवाराचं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं, ही दोन कारणं वेगळी काढताच येत नाहीत. ज्याला रोज औत घेऊन वावरात जायचं आहे त्याला दिशा लागतात. तो दिशा बोलतो, त्या बोलण्यात त्याची लेकरं वाढतात, आणि औत सुटल्यावरही लेकरांच्या डोक्यात दिशा राहतात. माझी माय गेली पंधरा वर्षं शेतात गेलेली नाही. नातू मात्र शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर वाढला, जिथं सूर्य कोणत्या खिडकीतून येतो यानं काही अडत नाही.

हा सगळा विषय ज्याच्या नावानं ओळखला जातो तो बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) पेशानं आगविम्याचा तपासनीस होता. आगी का लागतात हे बघता बघता त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलनं भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त विडी-सिगारेट ओढतात. खरं तर रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि तीच जास्त भडकते. ‘रिकामं’ या शब्दानं डोळ्यांवर पडदा टाकला होता. इथपर्यंत व्होर्फचं म्हणणं पटतं. पुढं त्यानं अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच आपल्यासारखी नाही असं मांडलं, आणि ते टिकलं नाही. एकेहार्ट मालोत्की या अभ्यासकानं १९८३ मध्ये होपीतल्या काळवाचक शब्दांचा आणि रूपांचा ढीगच पुढं ठेवला. भाषा म्हणजे विचाराचा तुरुंग आहे असं आज फारसं कुणी मानत नाही. शब्द नसला तरी माणूस विचार करतोच; नाहीतर नवा शब्द जन्मालाच आला नसता.

मग भाषा करते तरी काय? रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं दिलेलं उत्तर मला सगळ्यांत नेमकं वाटतं. कोणत्याही भाषेत काहीही सांगता येतं. फरक असतो तो कोणती भाषा काय सांगायला भागच पाडते यात. आपल्या मराठीचंच बघा. दारात पाहुणा उभा आहे आणि घरधनी म्हणाला, "आम्ही जेवायला बसतोय," तर पाहुण्यानं परत जायचं. "आपण जेवायला बसू" म्हणाला तर चप्पल काढायची. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ चालतं. मराठी माणसाला मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की समोरचा आपल्यात आहे की नाही. लेकरू तीन-चार वर्षांचं होईपर्यंत हे पक्कं शिकतं. "आम्ही तुळजापूरला चाललो" ऐकलं की ते लगेच विचारतं, "आन् मी?"

हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारानं मराठीत आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. देगलूर-धर्माबादकडे गेलात तर तेलुगूत आजही तो ऐकू येतो : ‘मनम्’ म्हणजे आपण, ‘मेमु’ म्हणजे आम्ही. आपल्याकडची दखनी बोलणारी माणसंही "अपन चलेंगे" म्हणतात तेव्हा समोरच्याला सोबत घेतात. शेजाऱ्याकडून माणूस विरजण आणतो तसं व्याकरणही आणतो.

नात्यांची नावंही अशीच काही तरी सांगायला लावतात. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ : नातं कुणाकडून आलं ते सांगितल्याशिवाय शब्दच पूर्ण होत नाही. त्यातही एक जागा फार बोलकी आहे. आपल्याकडे सासऱ्याला मामा किंवा मामंजी म्हणतात, सासूला आत्या किंवा आत्याबाई. का? कारण मामाची मुलगी करायची रीत होती. अशा लग्नात नवऱ्या मुलाचा सासरा हा त्याचा मामाच असतो आणि मुलीची सासू ही तिची आत्याच. आता नातं पार लांबच्या तालुक्यातून, कधी मोबाइलवरच्या स्थळांतून जुळतं. सासऱ्याचा नि आपल्या आईचा काही संबंध नसतो, तरी जावई त्याला मामा म्हणतो. रीत मागं पडली, शब्द घरात राहिला. माझ्या मुलीला मात्र चारही प्रकारच्या भावांसाठी ‘कझिन’ हा एकच शब्द पुरतो. तिला नाती कळत नाहीत असं नाही. विचारलं तर सांगते. पण विचारावं लागतं.

आकड्यांची गोष्टही याच धर्तीची आहे. २५ लिहिताना आपण आधी दोन काढतो, मग पाच. म्हणताना मात्र पाच आधी येतात, पंच-वीस. २९ म्हणताना तर तिसातून एक वजा करतो, एकोणतीस. तेलुगूत ‘इरवै ओकटि’, म्हणजे सरळ वीस-एक. चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, आणि तिथली लहान मुलं दहाच्या पुढचे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या आधी मोजू लागतात असं अभ्यासांत दिसलेलं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. डॉ. मंगला नारळीकर या त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांची अडचण काय आहे हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. ती टिंगल मला तेव्हाही बरोबर वाटली नाही. माय आजही आंबे विसांनी मोजते, ‘तीन विसा नि वर पाच’. मोजायच्या रीती याआधीही बदलल्या आहेत.

भाषा कशी बदलते याकडे यायचं तर मला विहिरीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिथं माझी एक जुनी जखम आहे. बारावीनंतर मी शहरातल्या एका कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उत्तर देताना मी ‘इहीर’ म्हणालो. शिकवणारे हसले, मग वर्ग हसला. त्या वर्षभरात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. भाषेनं विचार घडतो का, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. भाषेवरून हसल्यानं विचार तोंडातच राहतो, हे मी अंगावर अनुभवलं आहे.

त्या हसण्याला उत्तर द्यायला मला पुढं बरीच वर्षं लागली. आमच्याकडे विहिरीची इहीर, विळ्याचा इळा, विजेची ईज, विस्तवाचा इस्तू, वेशीची येस, वेळेची येळ होते. पण वावराचं ‘आवर’ कधी होत नाही, वांग्याचं ‘आंगं’ होत नाही, वरणाचं ‘अरण’ होत नाही. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व’पुढं इ किंवा ए आला तरच ‘व’ गळतो किंवा त्याचा ‘य’ होतो, एरवी जागचा हलत नाही. शाळेत न गेलेली माणसंसुद्धा हा नियम चुकत नाहीत. चूक अशी शिस्तीत होत नसते. इतकी शिस्त नियमालाच असते.

आणि ज्या भाषेला आपण शुद्ध म्हणतो ती याच वाटेनं आली. संस्कृतातल्या हस्तचा प्राकृतात हत्थ झाला, हत्थचा हात. सप्तचा सत्त, सत्तचा सात. दुग्धचा दुद्ध, मग दूध. कर्माचं कम्म, मग काम. जोडाक्षर आधी दुहेरी व्यंजन झालं, मग दुहेरीतलं एक गळालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. मधली पायरी, म्हणजे हत्थ आणि कम्म, ही महाराष्ट्री प्राकृत सातवाहनांच्या काळात बोलली जायची, आणि त्या सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. ‘इहीर’ला हसणारा माणूस दिवसातून शंभर वेळा ‘काम’ म्हणतो. तो शब्दही एकेकाळी कुणाला तरी बिघडलेलाच वाटला असणार.

पैठणचीच आणखी एक गोष्ट. ज्ञानेश्वरी १२९० ची. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांना तिची प्रत शुद्ध करायला बसावं लागलं. मधल्या तीनशे वर्षांत लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले होते. माणूस उतरवून घेताना जुना शब्द कळला नाही की आपल्या ओळखीचा घालतो. त्यात त्याची लबाडी नसते. त्याच्या कानाला जे मराठी ऐकू येतं ते तो लिहितो.

व्याकरण घडताना पाहायचं असेल तर लातूर-धाराशिवकडच्या कोणत्याही एसटी स्टँडवर अर्धा तास बसावं. "काय करायलास?" "काय न्हाई, गावाकडं जायलो." प्रमाण मराठीत ‘करतो आहेस’, ‘जातो आहे’. हे ‘करायलास’ कुठून आलं? ‘करायला लागलास’ यातून. लागणे म्हणजे चिकटणे. झाडाला आंबा लागतो, अंगाला चिखल लागतो. त्यावरून कामाला लागणे, म्हणजे सुरुवात करणे. ‘करायला लागलो’ झिजून ‘करायलालो’, मग ‘करायलो’. नांदेड-परभणीकडे ‘करू लागलो’चं ‘करू लालो’ झालं. झिजता झिजता सुरुवात केल्याचा अर्थही गेला आणि काम चालू असल्याचा अर्थ उरला. स्वतःचा अर्थ असलेलं क्रियापद हळूहळू प्रत्यय होऊन बसतं, याला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. पुण्याचं ‘करतोय’ हेही ‘करतो आहे’ झिजूनच झालेलं आहे. त्याला कुणी हसत नाही, एवढाच काय तो फरक.

कधी कधी लोक शब्द सुधारायला जातात आणि नवाच शब्द तयार होतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे वावरात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, आणि मग भज्जी, उंडे नि माठातली गार आंबील. कॅलेंडरात, वर्तमानपत्रात हिला ‘वेळा अमावास्या’ लिहितात. शेजारच्या कर्नाटकात याच दिवशी ‘एळ्ळ अमावास्या’ असते; कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. काहीजण ‘एळु’ म्हणजे सात हा शब्द सांगतात, ज्येष्ठापासून सातवी अमावास्या म्हणून. मला तिळाचा अर्थ जास्त पटतो, पण दोन्हींत शब्द कानडीच आहे. शिकलेल्या मराठी माणसाला मात्र वाटलं, खेड्यातले लोक वेळेला येळ म्हणतात, तेव्हा येळवस ही वेळवसच असणार. त्यानं ‘व’ परत बसवला, जिथं तो कधी नव्हताच.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, तिच्याआधी फारसी. १९१८ मध्ये हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वरचं शिक्षणही उर्दूतून होतं. त्यामुळं आपल्या जुन्या दप्तरात असे शब्द भेटतात की ओळखीचे वाटावेत आणि फसवावेत. आमच्या घरात एक उर्दू कागद होता. त्यात पणजोबांच्या नावापुढं ‘राजीनामा’ आहे एवढं घरात माहीत होतं, आणि पणजोबांनी पाटीलकी सोडली असं आम्ही दोन पिढ्या समजत होतो. जाणकारानं वाचून सांगितलं, ही तडजोड आहे, चुलत्याशी जमिनीच्या वादात झालेली. उर्दूत राजीनामा म्हणजे राजी झाल्याचा कागद, समेट. इंग्रजी मुलखातल्या महसुलात एक जण जमिनीचा राजीनामा द्यायचा आणि दुसरा कबुलायत करायचा; तिथून मराठीत तो सोडून देण्याचा कागद झाला. ‘शिकस्त’ तर पार उलटला : फारसीत हार, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. ‘खुलासा’ उर्दूत सारांश, आपल्याकडे स्पष्टीकरण. शब्द उसना येतो तेव्हा सोबत अर्थाचा एखादाच पदर येतो.

काम गेलं की कामाचे शब्द जातात. मोट गेली तशी नाडा, सोंदूर, धाव ही नावंही गेली. विजेची मोटार आली आणि स्टार्टर, फेज, डीपी आले. "डीपी जळाली" हे वाक्य आता अस्सल मराठवाडी आहे. पण मोटेचं पाणी जिथं पडायचं ते थारोळं वाचलं. तुम्ही ते परवाच वाचलं असेल, वर्तमानपत्रात, ‘रक्ताच्या थारोळ्यात’. शेतकऱ्याच्या पाण्याचा शब्द आता फक्त खुनाच्या बातमीत भेटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि कधी कधी शब्द मुद्दाम काढलाही जातो. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं कायदा करून राज्याच्या कायद्यांमधला ‘फॅमिन’ हा शब्द वगळला. त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई. राज्यात आता तशी परिस्थिती येऊच दिली जाणार नाही, म्हणून शब्दाची गरज नाही, अशी त्यामागची भूमिका होती. इंग्रजीत पावसानं दिलेली ओढ आणि माणसांची उपासमार यांना दोन वेगळे शब्द आहेत, ‘ड्रॉट’ आणि ‘फॅमिन’. मराठीत दोन्ही एका ‘दुष्काळा’त येतात, वाईट काळ म्हणून. नऊ वर्षांनी १९७२ उजाडलं. फायलीत टंचाई होती. गावात तो दुष्काळ होता आणि आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली आणि महिन्याच्या शेवटी १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. मधल्या दिवसांत आमच्या पारावर बसलेले म्हातारे पेपर वाचणाऱ्याला विचारत होते, "सदृश म्हंजी काय रं?"

बहात्तर साली माय खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी तिला अजून आठवते. माझा थोरला भाऊ त्याच साली झाला. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून आहे, आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी. मायला तारीख विचारली तर ती म्हणते, "दुष्काळात, मी खडीवर हुते तवा. मावळतीच्या माळावर काम चालू हुतं."